स्पीकर जळलाच नव्हता

चटकाचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. शाळा सुटली, म्हणजे तिनंच सोडली, आणि त्यानंतर त्या नावाची कुणाला गरज पडली नाही. हातात सोल्डरिंगची तापलेली सळई आणि जिभेवर त्याहून तापलेलं काहीतरी, म्हणून मावशी तिला 'चटका' म्हणायला लागली आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

मावशीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. पुढचं काउंटर मावशीचं, मागचं टेबल चटकाचं. त्या टेबलावर ती हातात धरून खेळायची जुनी गेम मशीन उघडायची. बॅटरी फुगलेली, स्क्रीनला तडा गेलेला, बटणं आत रुतलेली, असली मरतुकडी मशीन. त्यात नवी बॅटरी, नवा स्क्रीन बसवायचा आणि एम्युलेटर टाकायचा. एम्युलेटर म्हणजे नव्या डब्याला जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. मग चटकाच्या जन्माआधी बाजारातून उठलेले गेमसुद्धा त्यावर टुणटुणीत चालायचे. इस्त्रीचे शर्ट घातलेले काका लोक यायचे आणि म्हणायचे, "मुलासाठी हवंय."

"मुलगा केवढा आहे?" चटका विचारायची.

"लहान आहे अजून. पहिलीत."

"आणि त्याला तुमच्या लहानपणचेच गेम हवेत?"

काकांचे कान लाल व्हायचे. पुढून मावशी ओरडायची, "अगं ए, गिऱ्हाईक आहे ते! तोंडाला कुलूप लाव."

घरी आई होती आणि दादा होता. दादा एका मोठ्या गोडाऊनमध्ये माल उचलून रॅकवर चढवणारी फोर्कलिफ्ट चालवायचा. कामावर त्याला सगळे 'उस्ताद' म्हणायचे, कारण तो काचेचे खोकेसुद्धा सगळ्यात वरच्या रॅकवर असे ठेवायचा, की जणू आई बाळाला पाळण्यात ठेवतेय. मग एक दिवस रॅकवरून माल रचायचं लाकडी पॅलेट निसटलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर पडलं. हाड जुळलं. बोटं मात्र जुळली नाहीत.

"नस दुखावलीय," व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "बोटांना निरोप उशिरा पोचतोय. हाताला सतत काम देत राहा. कंटाळू नका."

निरोप उशिरा पोचतोय, हे चटकाला लगेच कळलं. बिघडलेल्या मशीनचंही असंच होतं. आपण बटण दाबतो आता, आतला माणूस उडी मारतो मागाहून. मशीनमध्ये असं झालं की ती सेटिंगमध्ये जाऊन निस्तरायची. दादाच्या मनगटात सेटिंग नव्हतं.

मग तिनं त्याच्यासाठी एक मशीन बनवलं. टेबलावरच्या ढिगातलं सगळ्यात चांगलं कव्हर, सगळ्यात मऊ बटणं. त्यात दादाच्या लहानपणचा गेम टाकला. हेल्मेट घातलेला एक बुटका माणूस विहिरीच्या तळाशी पडलाय आणि झुलत्या फळ्यांवरून उड्या मारत त्याला काठावर यायचंय. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. लहानपणी हा गेम दादानं खेळून खेळून पाठ केला होता. आता मात्र दुसऱ्या फळीवरून माणूस धपकन खाली. पडला की एक रडकी पिपाणी वाजायची. परत उडी, परत धप, परत पिपाणी. स्वयंपाकघरात आई पोळपाटावरचा हात थांबवायची. ती पिपाणीच मोजत असावी.

एका संध्याकाळी दादानं मशीन हळूच, अगदी हळूच उशीवर ठेवलं, न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बसला. त्यानं मशीन भिंतीवर फेकलं असतं तर चटकाला बरं वाटलं असतं. फेकाफेकी तिला समजायची. हे नळ सोडून बसणं तिला सहन होईना.

तो बाहेर येईपर्यंत तिनं मशीनचा मेनू उघडला होता. गेमचा वेग: शंभर. तिनं नव्वद केला. फळ्या जरा सावकाश झुलायला लागल्या. डोळ्याला कळणार नाही असं. पण कानाला कळत होतं. गाणाऱ्याला झोप यावी तसं गेमचं संगीत लोंबकळायला लागलं. मग तिनं चार स्क्रू काढले, स्पीकरची तार उपटली आणि इयरफोनचं भोकही बंद करून टाकलं.

"दादा, स्पीकर जळला वाटतं रे. मिळाला की बसवते."

"राहू दे गं. ती मेली पिपाणी तरी ऐकावी लागणार नाही," असं म्हणून दादा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. ते हसणं बघून चटकाला वाटलं, आपण काहीतरी भारी काम केलंय.

त्या आठवड्यात दादानं दुसरी फळी पार केली. मग तिसरी. पुढे अडला की चटका गुपचूप वेग आणखी उतरवायची. नव्वदचे ऐंशी झाले, ऐंशीचे सत्तर. वर तोंडानं म्हणायची, "बघ, हात सुटतोय." आई शेजारणीला सांगायला लागली, "आमच्या चटकाच्या डोक्याला तोड नाही हो. शाळा गेली खड्ड्यात, पोरीनं भावाचा हात उभा केला." चटका तिथून उठून जायची. आईला वाटायचं, लाजली.

मग एकदा जेवताना दादा म्हणाला, "चटके, ऐक. ज्या दिवशी विहिरीच्या काठावर पोचेन ना, त्याच दिवशी मुकादमाला फोन. ठरलं. कामावर परत."

"दादा, अरे..."

"काय?"

तोंडात घास होता. घास गिळेपर्यंत तिला धीर पुरला नाही.

"काही नाही. मशीन चार्जिंगला लाव. बॅटरी उतरलीय."

दुसऱ्या दिवशी तिनं वेग पंच्याण्णववर नेऊन ठेवला. कळू दे त्याचं त्यालाच. दादा पहिल्या फळीवरून पडला. पुन्हा पडला. "आज काय झालंय याला?" म्हणत तो मशीनकडे नाही, आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. तो हात धुवायला उठला, तेवढ्यात चटकानं सत्तर करून टाकलं.

आणि दादा काठावर पोचला. हेल्मेटवाला बुटका वर येऊन दोन्ही हात उंचावून नाचला, आवाजाशिवाय. आईनं पदरानं डोळे पुसले आणि "परत दाखव, परत दाखव" म्हणून दादाला तीनदा खेळायला लावलं. तिन्ही वेळा तो जिंकला. मग त्यानं मुकादमाला फोन लावला.

"हो हो, एकदम ठणठणीत. डॉक्टरांनीच सांगितलं, जा म्हणून."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. चटकानं झटकन वर पाहिलं. दादानं तिला डोळा मारला. आपल्या थापेत त्यानं बहिणीला भागीदार करून घेतलं होतं. तिची स्वतःची थाप त्या थापेखाली आधीच बसलेली होती, हे त्याला काय माहीत.

मुकादमानं त्याला चाचणीला बोलावलं. "मी पण येते," चटका म्हणाली. वाटेत सांगू, असं तिनं ठरवलं होतं. वाटेत दादा शीळ घालत होता. गोडाऊनच्या फाटकाशी सांगू, म्हणाली. फाटकाशी वॉचमननं दादाला मिठीच मारली.

आत पत्र्याच्या उंच छपराखाली रॅकच्या रांगाच रांगा होत्या. डिझेलचा आणि पुठ्ठ्याचा वास. दादाला बघून हमाल गोळा झाले. त्यातला एक बडबड्या, त्याला सगळे 'पोपट' म्हणायचे, तो म्हणाला, "उस्ताद, बहिणीला आणलंस? हात धरायला?"

"तुझी जीभ धरायला आणलंय," चटका म्हणाली. सगळे फिदीफिदी हसले. पोपट सगळ्यात जास्त हसला.

मुकादम जाडजूड, मिशाळ माणूस होता, घाईत असल्यासारखा बोलायचा. "आधी रिकामं पॅलेट घे. मग माल. चल."

दादा फोर्कलिफ्टवर चढला. डाव्या हातात स्टिअरिंग, उजवा हात काटे वर-खाली करायच्या लिव्हरवर. चटका डोळे फाडून त्याच्या बोटांकडे बघत होती. तिची सवयच होती ती, गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बटण आणि उडी यांच्यातली फट पकडायची. ती फट तिला इथे दिसली. दादानं मान वर केली, डोळ्यांनी ठरवलं आणि बोटं मागाहून हलली. लोखंडी काटे रॅकच्या कडेला टण् करून घासले. पॅलेट वर गेलं, जरा तिरकं बसलं.

"गंज चढलाय, निघेल," कुणीतरी म्हणालं.

"बरं, आता टाइल्सचे खोके घे. वरच्या रॅकला," मुकादम म्हणाला. "पोपट, तू पलीकडून दाखव त्याला."

पोपट रॅकच्या खाली जाऊन उभा राहिला आणि हात हलवत म्हणाला, "या उस्ताद, या, या, या."

मुकादमाला बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. दादाला खाली बोलावून पाणी देता देता कानात सांगता आलं असतं. कुणी दुसरी असती तर तसंच केलं असतं. पण चटका घाबरली की तिला राग येतो, आणि राग आला की आवाज फुटतो.

"थांबवा! ए पोपट, हो तिथून बाजूला! त्याचा हात बरा झालेला नाहीये!"

फोर्कलिफ्ट जागच्या जागी थांबली. सगळं गोडाऊन तिच्याकडे बघायला लागलं.

"अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मुकादम म्हणाला.

"डॉक्टर काही नाही बोलले! तो गेम जिंकला म्हणून फोन केला त्यानं. आणि गेम मी हळू केला होता. सेटिंगमधून. त्याला न सांगता."

"गेम?" मुकादमाच्या मिशा हलल्या. "कसला गेम?"

सांगायला तिच्याकडे बुटका होता, विहीर होती, फळ्या होत्या. त्यातलं काहीही इथे बोलण्यासारखं नव्हतं. मागून कुणीतरी फसकन हसलं. "उस्ताद व्हिडिओ गेम खेळून आलाय रे चाचणीला!" मग तो हशा रॅकवरून रॅकवर उड्या मारत पार टोकापर्यंत गेला. पोपट तेवढा हसला नाही. वर अधांतरी लटकलेल्या खोक्यांकडे बघत तो दोन पावलं मागे सरकला.

दादानं खोके खाली घेतले. किल्ली फिरवली. डाव्या हातानं दांडा धरून उतरला आणि मुकादमासमोर उभा राहिला.

"डॉक्टरचं खोटं बोललो मी," तो म्हणाला. "चुकलं."

"बरा झालास की ये," मुकादम म्हणाला, पण दादाच्या तोंडाकडे न बघता, खोक्यांकडे बघत.

चटकाला वाटलं, ही जमीन सिमेंटची आहे म्हणून, नाहीतर आपण इथंच गडप झालो असतो. तिनं तिचं तोंड उघडलं होतं आणि मान दादाची खाली गेली होती.

रस्त्यानं दोघं चालत निघाले. ट्रक बाजूनं जात होते, धूळ उडत होती. चटकाला वाटत होतं, त्यानं एक ठेवून द्यावी. शिव्या घालाव्यात. चारचौघांत नाक कापलंस म्हणावं. त्याला उलट काय बोलायचं, तेही तिच्याकडे तयार होतं.

दादा एवढंच म्हणाला, "म्हणजे तो स्पीकर..."

"जळलाच नव्हता."

"हं."

मग त्यानं विचारलं, "किती?"

"काय किती?"

"हळू किती केला होतास?"

"आधी नव्वद. मग... मग सत्तर."

दादा थांबला. उजवा हात समोर धरून त्यानं बोटं मिटली, उघडली. नव्यानं ओळख करून घेतल्यासारखा बघत राहिला.

"सत्तरला मी तिन्ही वेळा जिंकलो," तो म्हणाला.

"हो, पण ते खरं जिंकणं..."

"गप बस. ऐक. सत्तरला जिंकलो ना? मग मला कळलं असतं, की माझा हात सत्तरला आहे. मग पंचाहत्तर केलं असतं. मग ऐंशी. मीच म्हटलं असतं गं तुला, हळू कर म्हणून! व्यायामवाल्या बाई पण हेच सांगतात ना, हलकं वजन आधी. तू मशीन बरोबर बनवलं होतंस, चटके. नुसतं सांगायचं होतंस."

आपण खोटेपणा केला, हे चटकाला पहिल्यापासून डाचतच होतं. पण दादाला शिडी लागत होती, ती आपल्या हातात होती, आणि आपण ती त्याच्यापासून लपवून त्याला नुसता उचलून वर ठेवला, हे आता कळत होतं. त्याला जमणार नाही असं तिनं मनातून ठरवूनच टाकलं होतं. त्यानं ते ओळखलं असणार. म्हणून आता त्याचा आवाज खाली आला होता.

"तुला वाटलं, हा काय चढणार," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

चटका रडली. रस्त्यात, ट्रकवाल्यांच्या देखत, नाक शर्टाच्या बाहीला पुसत. दादानं तिला गप केलं नाही आणि पुढेही गेला नाही. शेजारी उभा राहिला.

घरी आईनं दारातच विचारलं, "काय झालं? घेतलं का?"

"अजून नाही," दादा म्हणाला. बाकी सगळं चटकानं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही. आई ऐकत होती. मध्येच तिनं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं. शेजारणीला काय काय सांगितलं होतं ते आठवलं असणार. ती आत गेली.

दादानं मशीन चटकापुढे धरलं. "ते सेटिंग कुठाय, दाखव."

तिनं मेनू कसा उघडायचा ते दाखवलं, खाली कसं जायचं, आकडा कसा बदलायचा. सांगताना तिचा आवाज नवीन गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा येत होता. दादानं दोनदा स्वतः करून बघितलं.

"कळलं. ऊठ आता तिथून."

"मी बघत बसते ना. काही अडलं तर..."

"नको."

तो खिडकीशी भिंतीला टेकून बसला, गुडघे वर घेतले आणि स्क्रीन स्वतःकडे वळवला. कुठला आकडा लावलाय, ते तिला दिसू नये असा. चटका दारात उभी राहिली. तिला फक्त त्याचा अंगठा दिसत होता. तो बटणावर पडत होता, थांबत होता, परत पडत होता. स्पीकरची तार अजून उपटलेलीच होती; बुटका चढतोय की पडतोय, ते कळायला तिच्याकडे काहीच मार्ग नव्हता.