खऱ्या मापांचं घर

फ्लॅट नव्याने करायचा ठरला, तेव्हा पीएचडी करणाऱ्या, ओळखीतल्या अनिमेषने आपल्या लॅबमध्ये वासुदेव-ऊर्मिलाच्या घराचं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी मॉडेल उभं केलं. मापं वासुदेवने दिली होती. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यातला इंजिनिअर तो, मापात चुकणारा नव्हे.

ऊर्मिलाने जड हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि समोर नवं घर आलं. दारं ऐसपैस, उंबरठा कुठेच नाही. ओटा मात्र मांडीपर्यंतच, देव्हारा कमरेशी.

"अहो, हे काय बुटक्यांचं घर केलंय?" ती म्हणाली.

मग कमोडशेजारी भिंतीला धरायचे दांडे दिसले आणि तिला तो दवाखाना आठवला. गेल्या महिन्यात डॉक्टर अर्धा तास बोलत होते. तिचं जर्मन भाजी घेण्यापुरतं. वासुदेवने त्या अर्ध्या तासाचं मराठी एका वाक्यात उरकलं होतं. तुझ्या पायांत अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू. म्हणजे बायकोला थापा आणि अनिमेषला खरी मापं.

"जरा खुर्ची द्या," ती म्हणाली.

हेडसेट न काढता ती बसली. ओटा, नळ, देव्हारा, सगळं अगदी बरोबर हाताशी आलं.