दगडावर झिजलेलं पातं

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. सुताराच्या खोलीत, खिडकीखाली पडून असतो. माझी मूठ तळव्यांनी घासून गुळगुळीत झाली आहे, आणि पातं तर बोटभरच उरलं आहे. तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याने किती लाकूड तासलं असेल. पण तसं नाही.

मला घडवलं आताच्या सुताराच्या वडिलांनी. त्यांच्या हाताखाली मी दारं, पाळणे, चर्चची बाकं तासली. लोक बाकांवरून हात फिरवून म्हणत, "लोणी आहे लोणी." वडील प्रभूघरी गेले आणि मी मुलाकडे आलो. कसबात मुलगा बापाहून कमी नव्हता. सवय मात्र निराळी. काम समोर आलं की तो आधी मला धार लावायला बसे. दगडावर पाणी शिंपडायचं, पातं घासायचं, अंगठ्यावर बघायचं, पुन्हा घासायचं. तोवर दिवस कलायचा. "आता उजेड गेला, उद्या बघू." शेजारी त्याला उद्याशेठ म्हणत. तो हसण्यावारी नेई.

त्याची म्हातारी आई वरच्या खोलीत राहायची. नजर अधू, तरी रोज सकाळी जिना उतरून प्रार्थनेला जायची. जिन्याला कठडा नव्हता.

"अरे, नुसता एक दांडा तरी लाव."

"तुझ्यासाठी करायचा म्हणजे नीट नको का, आई? धार लागू दे."

"धार लागेपर्यंत मीच पैलतीराला लागेन."

कठड्याचं लाकूड भिंतीला टेकून होतं. त्यावर धूळ बसत गेली. एका सकाळी मी दगडावर असतानाच जिन्यातून काहीतरी गडगडल्याचा आवाज आला. पातं टाकून तो धावला. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

तिच्या उशाशी बसून तो म्हणाला, "रोज मागतो गं देवाकडे, माझा आळस काढ म्हणून."

"मागतोस खरा," आई हळूच म्हणाली. "पण प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागताना आपण आजची मागतो ना रे? मग देवाने दिलेलं काम उद्यावर का टाकतोस?"

तो खाली आला. माझ्याशेजारी गुडघे टेकून एवढंच म्हणाला, "प्रभू, आजच्यापुरतं बळ दे." मग धारेचा दगड फडताळात ठेवला आणि मला लाकडावर टेकवलं. रोज प्रार्थना झाली की आधी लाकूड, हा नेम त्याने स्वतःला घातला. सोपं नव्हतं ते. कितीदा तो फडताळापाशी जाऊन उभा राही. एकदा तर दगड काढून ओलाही केला. मग छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओलाच आत ठेवला.

कठडा लागला. हाड जुळल्यावर आई तो धरून उभी राहिली, एक पायरी उतरली आणि खालीच बसली. चर्चपर्यंत ती पुन्हा जाईल की नाही, देव जाणे. बसल्या बसल्या तिने कठडा चाचपला.

"इथे जरा खरखरीत राहिलंय रे."

मला वाटलं, आता दगड निघणार.

"थांब," सुतार म्हणाला, "आत्ता करतो." आणि मला घ्यायला खाली आला.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणासाठी करायचं काम भिंतीला टेकून असेल. त्यावर धूळ बसू देऊ नका. माझं बोटभर पातं आता लाकडावरच झिजू दे, एवढंच माझं मागणं आहे.