बिनव्याजी

"गेल्या महिन्यात नवीन कर्ज घेतलंत?" बँकेतल्या अधिकारी बाईंनी फोनवर विचारले.

"छे हो. कपडे धुण्याचं मशीन घेतलंय फक्त."

"हप्त्यांवर?"

"हप्त्यांवर. पण बिनव्याजी."

फोनच्या अलीकडे कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थाच्या हातातले, अजून हिरड्या न लाभलेले दात तेवढे हसत राहिले. व्याज नाही ते कर्ज नाही, अशी त्याची समजूत होती, बँकेची नव्हती. वीस वर्षांच्या ऋणास सर्वथैव पात्र ठरलेला हा मनुष्य एका धुलाईयंत्रापायी अपात्र ठरू पाहत होता आणि या तर्कशास्त्रात बँकेला काहीही विनोदी दिसत नव्हते. घरासाठीची रक्कम उद्या सुटायची होती. न सुटली, तर घर विकणाऱ्याला दिलेला बयाणा, म्हणजे नवराबायकोची आजवरची सारी शिल्लक, बुडत होता.

"हप्ते रद्द झाल्याचं दुकानाचं पत्र आणा," बाई म्हणाल्या. "आजच."

तो धापा टाकत भाड्याच्या खोलीवर पोहोचला. बायको मोरीत चादरी आपटत होती.

"मशीन परत करायचंय. पण वापरलेलं कोण घेणार?"

"वापरलंय कुणी?" कपाळावरचा फेस मनगटाने पुसत ती म्हणाली. "म्हटलं, नव्या घरातच उघडू. रोज त्या खोक्याला टेकून बूट घालता तुम्ही. दिसलं नाही?"

दुकानदाराने खोक्याभोवती दोनदा फेरी मारली.

"वहिनी, महिनाभर उघडलं नाहीत? लोक टेम्पोतच फाडतात."

"आम्हाला घाई नव्हती," ती म्हणाली. दुकानदाराने खोका आत घेतला आणि पत्र लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे सुटले. बँकेच्या अभिनंदनासोबत घरगुती उपकरणांसाठी सवलतीच्या कर्जाचा प्रस्तावही आला. निर्लज्जपणालाही शिष्टाचार असतो. त्याला मात्र राग आला नाही. कित्येक आठवड्यांनी तो पोटभर जेवला.

रविवारी नव्या घराच्या गॅलरीत ती पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी राहिली. दोरीसाठी त्याने भिंतीवर खिळा टेकवला, हातोडी उचलली आणि भाड्याच्या खोलीतल्या सवयीने थबकला.

"काय झालं?"

"विचारायला हवं ना कुणाला तरी."

"मग विचारा की मला."

त्याने खरोखरच विचारले. तिने भिंतीकडे जरा वेळ पाहिले आणि खिळा बोटभर वर सरकवला.

"इथे मारा," ती म्हणाली.