तुरीच्या ओळी

मोसंबीची पानं दुपारी मिटत आणि सकाळी उघडत, तोवर सुनेला फारसं काही वाटलं नव्हतं. आज मात्र ती सकाळीही मिटलेलीच होती. डोळ्याचं ऑपरेशन करून सासरे आजच परतणार होते.

जाताना त्यांनी बाग तिच्यावर सोपवली होती. विहिरीने तळ गाठला तशी झाडांमधली तूर तिच्या डोळ्यांत खुपू लागली. आयतं पाणी पिणारी मेली! तिने कंबर कसली आणि एकूण एक रोप काढून टाकलं. घरात तिला टापटीप म्हणत, ते काही उगाच नाही.

सासरे काळा चष्मा लावून थेट बागेतच आले. त्यांनी हात लांबवून चाचपलं.

"तूर कुठंय?"

"काढली, मामा. झाडांचं पाणी पीत होती."

"अगं, पाजत होती! तिचं मूळ खोल जातं. खालची ओल वर आणून रात्री वरच्या मातीत सोडते. मोसंबीची मुळं वरवरची, ती त्यावरच तगतात." मग त्यांचा आवाज उतरला. "उपटलीस की कापलीस?"

तिची पाचावर धारण बसली. "कापली," ती म्हणाली.

"सुटलो! मग टाकीतलं सगळं पाणी त्या खुंटांना दे. फुटतील परत."

टाकीत होतं तेवढंच पाणी उरलं होतं. पाइप घेऊन ती ओळीत उभी राहिली आणि आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. खुंट कुठले, नुसते खड्डे होते. मामांना अजून सगळं धूसर दिसत होतं; ते खुशीत टाकीचा नळ सोडायला निघाले होते. गप्प राहिलं तर पाणीही जाणार आणि बागही.

"मामा, थांबा! उपटली."

ते थांबले. "सगळी? एखादी ओळ तरी राहिली असेल."

"एकही नाही."

आता ओरडतील, म्हणून तिने अंग चोरलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपडत तिचा खांदा धरला.

"मग पाणी बुंध्यांनाच द्यायचं. निम्म्या झाडांना पुरेल," ते म्हणाले. "मला काही दिसत नाही. कोणती जगवायची, ते तूच सांग."