दहा पावलांवरचा पुलर

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. नेमकं सांगायचं तर पाऊण कानस आहे. उरलेला पाव भाग कुठे गेला, हे सांगायलाच मी तोंड उघडलं आहे.

मला लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवलं होतं, म्हणून मी लोखंड खाऊ शकते. पण या कडकपणाला एक अट असते. मी वाकत नाही. जे वाकत नाही ते एक दिवस तुटतं, आणि तुटताना कुणाची परवानगी घेत नाही.

पंप दुरुस्तीच्या शेडमध्ये मला फिटरांनी आणलं. त्यांनी भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून तिच्यावर एकेक खिळा ठोकला होता. "हाताला येईल ते हत्यार घ्यायचं नसतं," ते म्हणत, "काम मागेल ते घ्यायचं." माझं काम लोखंडाच्या कडा गुळगुळीत करण्याचं. वीस वर्षं मी तेवढंच केलं, आणि कौतुक म्हणून फिटर मला रोज ब्रशने झाडून जागेवर टांगत. कानशीला याहून मोठा मान नसतो.

पुढे फिटरांचे गुडघे गेले आणि जावईबापू आले. ते आधी कचेरीत होते. तिथे पाकीट फोडायला, चहा ढवळायला आणि पाठ खाजवायला एकच फूटपट्टी पुरत असे. ती सवय त्यांनी सोबत आणली. हत्यारांची भिंत कामाच्या बाकापासून दहा पावलांवर. मी बाकावरच, हाताशी. त्यांनी माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला, मला डळमळत्या टेबलाखाली सरकवलं, एकदा तर माझ्यावर सगळा भार टाकून अख्खा पंप उचलला. "काम झाल्याशी कारण," ते म्हणायचे. वाईट एवढंच, की दर वेळी काम व्हायचं. एकदा जरी फसलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पंप उचलला त्या दिवशी माझ्या अंगात केसाएवढी चीर गेली. मला कळलं. सांगणार कशी? कानशीला दात असतात, जीभ नसते.

फिटरांची लेक दारापाशी बसून मोटारींच्या तारा गुंडाळायची. तिने हे सगळं पाहिलं होतं.

"बाबा, तुम्ही त्यांना बोलत का नाही?"

"तू बोल की. नवरा तुझा आहे."

"मी बोलले की घरी दोन दिवस भांडी वाजतात. तुमचं ऐकतील ते."

"जावई आहेत गं. चारचौघांत कसं बोलायचं? वेळ बघून कानात सांगेन."

"मी चुकले की तुमचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा."

"तू लेक आहेस," फिटर म्हणाले. यावर लेकीने तार जरा जास्तच घट्ट ओढली.

त्या संध्याकाळी फिटरांनी मला उचलून बाकाच्या कडेवर वाजवलं. धड कानस खणखणते. माझा आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा वाजवलं आणि चिरेवरून अंगठा फिरवला. तेव्हाच मला भंगारात टाकलं असतं तर मी आज कुणाला काही सांगत बसले नसते. पण जावईबापूंना पुरावा दाखवून समजावायचं त्यांच्या मनात होतं. "उद्या सांगतो," असं स्वतःशीच पुटपुटून त्यांनी मला फडक्यात गुंडाळून बाकाच्या कोपऱ्यात ठेवलं.

सकाळी जावईबापू आधी आले. एका पंपाचं चाक दांड्यावर गंजून बसलं होतं आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसून पाय हलवत होतं. असं चाक ओढून काढायला तीन नख्यांचा पुलर असतो. तो भिंतीवर होता. फडकं मात्र हाताशी होतं.

त्यांनी माझं टोक चाकामागच्या फटीत घुसवलं आणि हातोडा घेतला. पहिला घाव. चीर बोटभर सरकली. दुसरा घाव. चाक जरासं हललं.

"बघा, होतंय," जावईबापू गिऱ्हाइकाला म्हणाले.

फिटर दारात आले आणि जागीच थबकले. तिथून ओरडले असते तरी पुरलं असतं. पण गिऱ्हाईक बसलं होतं, जावयाचा मान होता. ते दुखऱ्या गुडघ्यांनी, मोजून दहा पावलं, जवळ आले आणि कानात सांगायला वाकले.

"जावईबापू, जरा…"

तिसरा घाव पडला.

माझा पाव भाग उडाला. त्यातला तांदळाएवढा तुकडा फिटरांच्या उजव्या डोळ्यात गेला. तो डॉक्टरांनी काढला. नजर मात्र गेली ती गेलीच. शुद्धीवर आल्यावर फिटरांचं पहिलं वाक्य होतं, "असू द्या, जावईबापू."

महिनाभर जावईबापू प्रत्येक हत्यार भिंतीवरून घेत आणि भिंतीवर ठेवत. महिना संपला. मग एक दिवस बाकाखाली त्यांना मी सापडले. त्यांनी मला उलटंसुलटं पाहिलं. "हिची छिन्नी होईल," ते म्हणाले आणि हातोड्याकडे वळले.

"टाका ते खाली."

लेक दारातूनच ओरडली. रस्त्यावरची सायकल थांबली. जावईबापूंच्या हातून मी पडले. स्टुलावर बसलेल्या फिटरांनी डावा डोळा लेकीकडे वळवला.

"असं," ते म्हणाले. "एवढ्याच आवाजात बोलायला हवं होतं मी."

मित्रांनो, आम्हां हत्यारांना तेलपाणी करा, झाडून ठेवा, हे तुम्ही शाळेत बाईंकडून ऐकलंच असेल. माझी विनंती वेगळी आहे. कुणी चुकीचं हत्यार उचललं, तर तो कितीही मानाचा असो, लांबूनच ओरडा. कानात सांगायला जवळ जाऊ नका.

लेकीने मला माझ्या जुन्या खिळ्याला टांगलं आहे. मागची आकृती माझ्याहून लांब आहे. रोज सकाळी जावईबापू त्या आकृतीकडे बघतात आणि मान खाली घालतात.

आज त्यांनी मान खाली घातली नाही. माझ्याकडे बघत होते. लेक बाजारात गेली आहे.