बाबांवर आळ आला तो माझ्यामुळे

लाजेने इतके दिवस तोंड बंद ठेवलं होतं. आता बोलतो. मी समुद्रातला खडक. दुकानदार मला ‘जिवंत खडक’ म्हणायचा. जिवंत म्हणजे काय, तर माझं अंग पोवळ्यांच्या सांगाड्यांचं, सगळं भोकाभोकांचं. त्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाण्यातली घाण फस्त करतात. खाऱ्या पाण्यातले मासे घरी पाळायचे, तर आधी माझ्यासारखा एखादा टाकीत हवाच. एवढं मानाचं काम माझं, आणि मी काय करून बसलो ते ऐका.

माझा जन्म उथळ, कोमट पाण्यात झाला. किती वर्षं लागली ते विचारू नका. मग एका पाणबुड्याने मला उचललं, ओल्या कागदात गुंडाळलं, आणि मी दुकानातल्या हौदात येऊन पडलो. तेव्हा माझ्या सगळ्यात खोल बिळात एक केसाळ खेकडा होता, नखाएवढा. प्रवासभर अंग चोरून बसला होता. मला वाटलं, चला, गावाकडचं कोणीतरी सोबतीला आहे!

मला निवडलं ते एका सुनेने. दातांच्या कवळ्या बनवायचं तिचं काम. टाकी पहिल्यांदाच मांडत होती, पण पारख पक्की. हौदातले खडक एकेक करून उचलायची, वजन बघायची, नाकाशी धरायची.

“जड असेल तो नको, आतून भरीव असतो,” दुकानदार म्हणाला. “कुजका वास आला तर अजिबातच नको.”

मी हलका होतो, वास समुद्राचा होता, अंगावर जांभळी झाक होती. तिच्याबरोबर तिचे सासरे होते, त्यांना ती बाबा म्हणायची. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि मला न्याहाळलं. “हाच घे गं,” ते म्हणाले. “काय बारीक कारागिरी आहे बघ!” मी अस्सा फुगलो म्हणून सांगू!

निघताना दुकानदाराने बजावलं, “टाकीत ठेवण्याआधी पाच मिनिटं एकदम खारट पाण्यात बुडवा. आत कोणी लपलं असेल तर बाहेर पळतं. विसरू नका हं.”

“छे, विसरते कसली!”

घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच तिचा फोन वाजला. कुणाची तरी कवळी तातडीने हवी होती. फोन कानाला आणि खांद्याला अडकवून तिने मला थेट टाकीत ठेवलं. बाबा म्हणाले, “अगं, ते बुडवायचं काहीतरी होतं ना?” तिने हात हलवून सांगितलं, “झालं ते, बाबा. तुम्ही विसरलात.”

बाबांनी ते मान्य केलं. कारण हल्ली ते खरंच विसरायचे. चष्मा, शेजाऱ्यांचं नाव, आजचा वार. म्हणून तर माशांना खाणं घालायचं काम तिने मुद्दाम त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. मन रमेल, हात चालता राहील. मनाने वाईट नव्हती हो ती. महिन्याभराने टाकीतलं पाणी माशांना राहण्याजोगं झालं आणि मासे आले: नारंगी-पांढरी एक जोडी, आणि वाळू चिवडत फिरणारा एक छोटा. बाबा घड्याळाच्या चिमट्याने रोज सकाळी खाणं सोडायचे. माशांशी गप्पा मारायचे. एकदा तर मलाही म्हणाले, “काय पाहुणे, करमतंय ना?”

पंधरा दिवसांत वाळू चिवडणारा नाहीसा झाला.

मला ठाऊक होतं कुठे गेला ते. दिवा मालवला की माझा गाववाला बाहेर पडायचा. तो आता चांगला गुबगुबीत झाला होता. अर्धवट खाल्लेलं माझ्याखाली तसंच कुजत राहिलं आणि पाणी गढुळलं.

“बाबा, दोनदा खाणं घातलंत का?” सुनेने विचारलं.

“नाही गं. एकदाच. सकाळी.”

“नक्की?”

त्या ‘नक्की’ने बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

मग जोडीतला एक गेला. त्या दिवशी बाबा भिंग लावून कितीतरी वेळ माझ्यासमोर बसले होते. संध्याकाळी त्यांचा मुलगा घरी आल्यावर म्हणाले, “त्या खडकाच्या आत कोणीतरी आहे रे. दोन डोळे दिसले मला.” मुलाने बायकोकडे बघितलं, बायकोने मुलाकडे. स्वयंपाकघरात जाऊन तो हळूच म्हणाला, “आता भासही व्हायला लागले.” ते हळू बोलणं बाबांनीही ऐकलं.

खाण्याची डबी कपाटावर गेली. मग गॅस पेटवायचं बंद झालं. चहा थर्मासमध्ये यायला लागला. मग दाराची किल्ली काढून घेतली. सगळं गोड बोलून, बरं का. आणि ज्याच्या पोटात खरा चोर होता तो मी, टाकीच्या मधोमध, दिव्याखाली, पाहुणे यायचे तेव्हा कौतुक करून घेत होतो. मला हलता येत नाही, हे खरं. पण तो सापडावा असं मला सुरुवातीला वाटतही नव्हतं, हेही खरं. आपला माणूस म्हणून मी त्याला आत घेत राहिलो. शरमेने मेल्यासारखं होतं हे सांगताना.

शेवटचा मासाही गेला. एका रविवारी दुपारी सुनेने टाकी मोडायला घेतली. मला उचलून कोरड्या बादलीत ठेवलं. पाणी निथळलं तसा गाववाला घाबरला आणि टणकन बादलीत पडला. काडेपेटीएवढा! तिने वाकून बघितलं. मग मला उलटं करून माझ्या बिळात बघितलं. तिथे माशांचे काटे होते.

ती जमिनीवरच बसली. “खारट पाणी,” म्हणाली. “मीच विसरले.”

तशीच बादली घेऊन बाबांच्या खुर्चीपाशी गेली. “बाबा, हा बघा! तुम्ही काही केलं नव्हतं. डोळे तुम्हाला खरंच दिसले होते. विसरले ती मी, आणि बोल तुम्हाला लावला. चुकले हो मी.”

बाबांनी बादलीत डोकावलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“उगी. माझी कीव येते म्हणून म्हणतेस.”

“नाही हो, बाबा!”

“अगं, मला चांगलं आठवतंय ना. एकदा सकाळी घातलं, मग चहा झाल्यावर पुन्हा घातलं. डबीचं झाकणसुद्धा उघडं राहिलं होतं. बाकी सगळं विसरतो मी, पण एवढं मात्र नीट आठवतं.”

असं काही घडलंच नव्हतं. मी रोज बघत होतो.

मी आता गॅलरीत असतो. वाळून पांढरा पडलोय, आतलं सगळं मेलंय. माझी तक्रार नाही, माझ्या लायकीचंच झालं. रोज संध्याकाळी सून बाबांना गॅलरीत आणून बसवते आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगते. बाबा शांतपणे ऐकतात आणि मग तिचीच समजूत काढतात.

मला पाणी नको, टाकी नको. एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणाचं त्या घरी जाणं झालं, तर तुम्ही तरी बाबांना एकदा सांगा, चूक त्यांची नव्हती म्हणून. घरच्यांचं ते ऐकत नाहीत. परक्याचं कदाचित ऐकतील.