थांबायची घंटा

"आई, टॅक्सीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही हं. इथे तसं कुणी करत नाही. मागे बसायचं, पट्टा लावायचा आणि गप्प राहायचं." लेकीने सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं आणि ती ऑफिसला पळाली. अठ्ठावीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होते. ड्रायव्हरशी बोलू नये ही पाटी रोज माझ्या डोळ्यांसमोर असायची, आणि ती न पाळणारी पहिली मीच. पण लेकीच्या घरी लेकीचं राज्य.

नातीच्या हाताचं प्लॅस्टर काढायचं होतं. लेकीला सुट्टी मिळाली नाही, जावई कामासाठी बाहेर. म्हणून भर दुपारी दोन वाजता त्या अवाढव्य परक्या शहरात मी सहा वर्षांच्या पोरीला घेऊन टॅक्सीत बसले. टॅक्सी लेकीनेच ऑफिसातून फोनवर मागवली होती. गाडी कुठवर पोचली ते तिला बसल्या जागी दिसत होतं म्हणे. मला तिथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. नातीला फाडफाड येते, पण पट्टा लावल्यावर पाच मिनिटांत ती माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली.

गाडी हमरस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ट्रक, त्यांची चाकं माझ्या खिडकीएवढी. काचा बंद, आत थंडगार, आवाज म्हणून नाही. धाकधूक मला घरातून निघाल्यापासून होती, पण ती नवख्या माणसाची. खरी भीती वाटली ती ड्रायव्हरची मान बघून.

ड्रायव्हर पंचविशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. आधी त्याने मान चोळली. मग काच बोटभर खाली केली, वर केली. स्वतःच्याच गालावर चापट मारली. थोड्या वेळाने मान हळूच पुढे गेली आणि झटक्याने वर आली. मी आरशात बघितलं. डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं.

ती मान माझ्या ओळखीची होती.

बारा वर्षांपूर्वी आमच्या ड्रायव्हरमामांची मान अशीच कलली होती. वेळही दुपारचीच. घंटेची दोरी माझ्या डोक्यावर होती. एक घंटा दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते. पण आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला होता. पुढच्या स्टॉपवर मामांना चहा पाजू, तोवर निभेल, असं म्हणून मी दोरी ओढली नाही. बस पुलाच्या कठड्यावर गेली. उतारू वाचले, मामांचा पाय गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय पाहिलंत?"

"मी तिकिटं फाडत होते, साहेब. माझं लक्ष नव्हतं."

सगळा ठपका मामांवर आला. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही.

टॅक्सी पांढऱ्या पट्ट्यावर सरकायला लागली. पलीकडे ट्रक होता, नातीच्या बाजूला. बोलायचं नाही, लेक म्हणाली होती. पण हात आपोआप वर गेला. दाराच्या वर धरायला एक कडी होती, ती मी गच्च पकडून ओढली. एकदा. काहीच वाजलं नाही. वाजणार कसं? ती बस थोडीच होती!

मग मी पुढच्या सीटवर दाणकन मूठ आपटली आणि घसा फोडून ओरडले, "अहो दादा! उठा! थांबवा गाडी!"

शब्द त्याला कळले नाहीत, ओरडणं कळलं. ट्रकने भोंगा वाजवला, गाडी हेलकावली आणि सरळ झाली. दचकून उठलेल्या नातीला मी छातीशी धरलं होतं. पुढच्याच वळणाला पेट्रोल पंप होता. तिथल्या आवारात त्याने गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग रडवेल्या आवाजात काहीतरी बोलायला लागला.

"आजी, तो सॉरी म्हणतोय," नात म्हणाली. "त्याचं बाळ चार दिवसांचं आहे. ते रात्रभर झोपतच नाही. तक्रार करू नका म्हणतोय."

"त्याला सांग, किल्ली मला दे आणि अर्धा तास झोप."

नातीने सांगितलं. त्याने दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि निमूटपणे किल्ली माझ्या हातात ठेवली. सीट मागे पाडून तो मिनिटभरात घोरायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. लेक.

"आई, गाडी का थांबलीय? अपॉइंटमेंट चुकेल ना! काय झालं?"

"काही..." नाही, हे तोंडात आलंच होतं. मुठीतली किल्ली रुतत होती.

"आई, बोल ना! त्याने काही केलं का? तू पाहिलंस का काही?"

तोच प्रश्न. मी पुढच्या सीटवरच्या त्या मानेकडे बघितलं. आता ती एका बाजूला बिनघोर पडली होती.

"हो, पाहिलं," मी म्हणाले. "गाडी चालवताना तो झोपत होता. म्हणून मीच थांबवली. दवाखान्यात उशीर होईल म्हणून कळव. त्याला झोपू दे. मी जागी आहे."